तूबी बस जेवायला

स्वयंपाक उरकला असेल तर बसून ऐका, उरकला नसेल तर भाकरी थापत थापत ऐका. आम्ही देवणी तालुक्यातल्या बचत गटाच्या बाया. गटाच्या समन्वयक म्हणून माईकसमोर आम्हाला बसवलंय, पण आज जे सांगायचं आहे ते सगळ्यांचं आहे. म्हणून ‘मी’ म्हणणार नाही, ‘आम्ही’च म्हणू.

देवणी म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी आमची जनावरं आठवतात. देवणी गाय, देवणी बैल. वानेरा, बालंक्या, शेवरा असे रंगावरून त्यांचे प्रकार. आमच्याकडच्या लेकरालाही ते ओळखता येतात. तर पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आपण बैलाची खांदमळणी करतो. वर्षभर ज्या खांद्यावर जू घेतलं, तो खांदा हळद-तूप लावून मळायचा. मग बैलाला उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. उद्या तुझं जेवण आमच्याकडं, असं त्याला सांगायचं. किती चांगली रीत आहे बघा. ज्यानं ओझं वाहिलं त्याचा खांदा दुखला असेल, एवढं तरी आपण वर्षातून एकदा ध्यानात घेतो.

आज आम्ही अशाच ध्यानात घेण्याबद्दल बोलणार आहोत. रोजच्या बारक्या बारक्या गोष्टी, ज्यांनी आपलं जगणं जरा सुखाचं होतं, पण ज्यांचं नाव आपण कधी घेत नाही.

हे आमच्या गटात कसं सुरू झालं ते आधी सांगतो. आमची बैठक दर आठवड्याला. तुमचीही तशीच असेल. सतरंजी अंथरायची, हजेरी घ्यायची, बचत गोळा करायची, कुणाचा हप्ता थकला ते बघायचं, कुणाला कर्ज पाहिजे ते लिहायचं. मग बोलणं सुरू. सोयाबीनला भाव नाही. पाऊस वेळेवर नाही. पोराला नोकरी नाही. हातात पैसा नाही. एका बैठकीत सगळ्यांचं असं बोलून झालं आणि आमच्यातली एक म्हातारी मावशी म्हणाली, “आगं, दर बैठकीला आपण काय न्हाई तेच मोजलालाव की. काय हाय ते कदी मोजायचं?”

आम्ही हसलो. पण मावशी हसली नाही. तिचं म्हणणं बरोबर होतं. गटाच्या वहीत जमा आणि नावे असे दोन्ही रकाने असतात, आणि आमच्या बोलण्यात मात्र एकच रकाना होता. तेव्हा ठरलं की बचतीचे पैसे मोजायच्या आधी प्रत्येकीनं गेल्या आठवड्यातली एक तरी बरी गोष्ट सांगायची. मोठी नको. लग्न ठरलं, घरकुल मंजूर झालं, अशी नको. बारकी पाहिजे.

पहिल्या बैठकीला कुणाला काही आठवेना. “आमचं कसलं बरं!” म्हणून सगळ्या एकमेकींकडं बघायला लागल्या. दुसऱ्या बैठकीला मात्र तोंडं उघडली. एक म्हणाली, खुरप्याला नवी मूठ बसवली, या आठवड्यात तळहाताला फोड आला नाही. एक म्हणाली, संडासाच्या दाराला आतून कडी बसवली, आता एका हातानं दार धरून बसावं लागत नाही. एकीच्या लेकीनं मोबाइलमधली अक्षरं मोठी करून दिली होती, तर तिला पुण्यात राहणाऱ्या नातवाचा निरोप स्वतःच्या स्वतः वाचता आला. एक अर्ध्या तिकिटात माहेरी जाऊन आली. २०२३ च्या मार्चपासून एसटीत आपल्याला अर्धं तिकीट झालंय, ते तुम्हाला माहीतच आहे. ती म्हणाली, “आधी माहेरी जायचं म्हणलं की पैसे मागावे लागायचे, आन पैसे मागितले की कामून जायचं ते सांगावं लागायचं. आता म्या नुसतं ‘जाऊन येते’ म्हणते.”

अर्ध्या तिकिटाचे पैसे किती वाचले ते तिनं सांगितलंच नाही. तिला पैशापेक्षा न मागता जाता आलं, याचं अप्रूप होतं.

मग एकीनं सांगितलं, “आमच्या नळाला तोटी बसली.” दोघीतिघी फिदीफिदी हसल्या. तोटी ही काय सांगायची गोष्ट झाली? पण आम्ही थांबलो, कारण आमच्या लातूर जिल्ह्यात पाण्यावरून हसू नये.

२०१६ चा उन्हाळा आठवा. लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. एप्रिल महिन्यात पहिली गाडी आली तेव्हा तिला १० वाघिणी होत्या, साधारण ५ लाख लिटर पाणी. पुढं ५० वाघिणींची गाडी सुरू झाली, एका खेपेला २५ लाख लिटर. पाणी भरायच्या जागी भांडणं होऊ नयेत म्हणून जमावबंदीचा हुकूम निघाला होता. त्या गाडीचे फोटो देशभर छापून आले. पण खेड्यात आपल्या दारात कुठली रेल्वे? आपण टँकरची वाट बघत बसलो. लेकरांना शाळेऐवजी रांगेत उभं केलं. रात्री दोन वाजता उठून विहिरीच्या तळाला वाटीवाटीनं पाणी गोळा केलं. ज्या बाईनं तो उन्हाळा काढला, तिला तोटी म्हणजे काय ते विचारा.

आम्ही त्या दिवशी बैठकीतच हिशेब मांडला. २०१९ साली जल जीवन मिशन सुरू झालं, त्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यायचं ठरलंय. पाच माणसांचं घर धरलं तर २७५ लिटर. १५ लिटरचा हंडा धरला तर अठरा हंडे भरून वर थोडं उरतं. वजन किती? २७५ किलो, म्हणजे पावणेतीन क्विंटल. आता सांगा, पावणेतीन क्विंटल सोयाबीन अडतीवर न्यायचं असेल तर आपल्या घरचे टेम्पो बघतात की नाही? आणि तेवढंच पाणी घरात आणायचं असेल तर? तेव्हा टेम्पोची आठवण कुणाला होत नाही. तेव्हा बाईचं डोकं आहे, कंबर आहे.

हा हिशेब ऐकून हसणाऱ्या दोघी गप्प झाल्या. नळ आला की हे ओझं उतरतं. पण तोटी नसली तर तेच पाणी गटारीत जातं, पुढच्या गल्लीला पोचत नाही, आणि तिथल्या बाईच्या डोक्यावर हंडा तसाच राहतो. ज्या वस्तूची किंमत कळते तीच आपण जपतो. त्या महिन्यात आमच्या गल्लीतल्या बिनतोटीच्या सगळ्या नळांना तोट्या बसल्या. एकेका तोटीचा खर्च कुणाला जड नव्हता. आजवर कुणी तिकडं बघितलंच नव्हतं.

आपल्या आधीच्या बायांना मात्र हे बघणं येत होतं. जनाबाई आपल्या शेजारची, परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची. तिच्या अभंगातला देव काय करतो? तिच्यासंगं दळायला बसतो, पाणी भरतो, शेण गोळा करतो. देवाकडून सोनंनाणं मिळाल्याचं कौतुक तिनं केलं नाही. कामाला कुणी हात लावला, याचं केलं. दिवसभर राबणाऱ्या बाईलाच हे सुचू शकतं.

आणि जात्यावरच्या ओव्या! हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून बायांच्या लाखाच्या वर ओव्या गोळा करवल्या. त्यात आपल्या मराठवाड्यातल्याही आहेत. माय, भाऊ, लेक, तुळस, बैल, बांगड्या, पाऊस, माहेरची वाट, सगळं त्या बायांनी पहाटेच्या अंधारात नाव घेऊन घेऊन सांगितलंय. पण एक गोष्ट आमच्या मावशीनं लगेच बजावली. “ओवी गोड होती, जातं गोड नव्हतं,” म्हणाली. गावात गिरणी आली त्या दिवशी तिच्या सासूनं गिरणीच्या दारात नारळ फोडला होता. तेव्हा जुनं ते सगळं सोनं, असं आम्ही म्हणत नाही. गिरणीचा पट्टा फिरतो म्हणून आज आपण पहाटे तासभर जास्त झोपतो, हेही मोजायचंच.

आता खरी गोष्ट सांगतो, जिच्यासाठी हे सगळं सांगितलं.

आमच्या गटात एक जण आहे. वय असेल पस्तिशीचं. बचत कधी चुकत नाही, बैठक कधी चुकत नाही. पण बोलायची पाळी आली की म्हणायची, “माझं काही नाही, पुढं चला.” चार बैठका झाल्या, पाच झाल्या, तिचं तेच. आम्ही आग्रह केला नाही. सहाव्या बैठकीला तिची पाळी आली तेव्हा आम्ही पुढच्या बाईकडं बघायला लागलो होतो, तेवढ्यात ती म्हणाली, “परवा म्या बसून जेवले.”

आम्हाला आधी कळलंच नाही. बसून जेवले म्हणजे काय? मग ती हळूहळू सांगायला लागली. लग्न होऊन सोळा वर्षं झाली. घरात सगळ्यांचं झाल्यावर ती जेवते. जेवते म्हणजे चुलीपाशी उकिडवं बसून, नाहीतर ओट्याला टेकून उभ्या उभ्या, एका हातानं भांडी आवरत. कालवण उरलं तर कालवण, नाहीतर चटणी आणि भाकरी. कुणी तिला उपाशी ठेवत नाही, कुणी मारत नाही. तिला कुणी ‘बस’ म्हटलंच नव्हतं, एवढंच. परवा तिची सातवीतली लेक ताटं मांडत होती. रोज चार मांडते, त्या दिवशी पाच मांडली, आणि म्हणाली, “आई, तूबी बस जेवायला. भाकरी आधी सगळ्या करून घे, मग आपण संगट बसू.” ती बसली. लेकीनं तिला वाढलं. गरम वरण होतं.

एवढंच सांगून ती थांबली. आमच्यातल्या कितीतरी जणींनी पदर डोळ्याला लावला. तिची दया आली म्हणून नव्हे. आम्ही एकमेकींना विचारलं, तुम्ही कशा जेवता? वीस जणींच्या गटात सगळ्यांसोबत बसून जेवणाऱ्या चारच निघाल्या. आणि आम्ही, समन्वयक म्हणून गावोगाव आहाराची माहिती देत फिरणाऱ्या, आम्हीही त्या चारांत नव्हतो. हे इथं सांगायला लाज वाटते, पण खरं ते सांगायला पाहिजे.

मैत्रिणींनो, ही नुसती मायेची गोष्ट नाही, अंगातल्या रक्ताची गोष्ट आहे. २०१९ ते २०२१ या काळात देशभर कुटुंब आरोग्याची पाहणी झाली. त्यात आपल्या महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायांमध्ये रक्त कमी निघालं. त्याची कारणं पुष्कळ आहेत. पण जी शेवटी जेवते तिच्या वाट्याला पालेभाजीचा रस्सा येतो, पाला येत नाही. डाळीचं पाणी येतं, डाळ येत नाही. आपला लातूर जिल्हा तुरीचा. उदगीरच्या डाळी लांब लांब जातात. आणि डाळीच्या मुलखातल्या बाईच्या ताटात डाळ नाही. दशसूत्रीत आपण ‘आरोग्य’ म्हणून वाचतो, ते इथून सुरू होतं.

येळवशीचं बघा. वेळ अमावस्येला आपण सगळे शेतात जातो. कडब्याची कोप करतो, पाच पांडव मांडतो, भज्जी, आंबील, उंडे घेऊन काळ्या आईची पूजा करतो. त्या दिवशी लातूर-धाराशिवकडची गावं ओस पडतात, रानं माणसांनी भरतात. मातीनं पिकवलं म्हणून मातीला आधी घास. पण त्या भज्जीसाठी आदल्या दिवसापासून शेंगा सोलत, भाज्या निवडत रात्र कोण जागवतं? रानात पंगत बसली की वाढायला कोण असतं? आपण मातीचं ऋण मानतो, बैलाच्या खांद्याला तूप लावतो. ही रीत आपल्या घरात आहेच, नव्यानं शिकायची नाही. फक्त ती चुलीपर्यंत आणायची आहे.

आम्ही काय केलं? मोठा ठराव केला नाही. एवढंच ठरवलं की दिवसातलं एक जेवण घरच्यांसोबत बसून करायचं. जमलं का? सगळ्यांना नाही. एकीच्या घरी नवरा म्हणाला, “बचत गटात हेच शिकवलालेत का?” तिनं भांडण केलं नाही. दुपारची भाकरी ती रानात न्यायची, तिथं सगळे बांधावर संगट बसतातच. ती म्हणाली, मी रानातलं जेवण पोटभर करते, घरचं हळूहळू बघू. एकीच्या सासूनंच आधी नाक मुरडलं, आणि आठ दिवसांनी तीच म्हणाली, “तू उभी राहतीस तर आमचा घास उतरत न्हाई, बस बाई.” त्या सासूबाईंनी स्वतः किती वर्षं उभ्यानं खाल्लं असेल, ते त्यांनाच ठाऊक. आज वीस जणींतल्या अकरा बसून जेवतात. नऊ बाकी आहेत. आम्ही दर बैठकीला हप्त्यासारखंच तेही विचारतो.

आता एक शंका. आमच्या गटात एक तिखट बाई आहे. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, “बारक्या बारक्या गोष्टीत सुख माना म्हणून आमचं तोंड गप करायचंय का? तोटीचं कौतुक करायचं आन रस्त्याचं कुणी विचारायचं न्हाई?” तिचा राग आम्हाला पटला. आहे त्यात समाधान माना, असं बाईला जन्मापासून सांगतात. आम्हाला ते सांगायचं नाही.

म्हणून आम्ही वहीत तीन रकाने केले. पहिला: काय बरं झालं. दुसरा: ते कुणामुळं झालं. तिसरा: अजून कुणाला ते मिळालं नाही. या तिसऱ्या रकान्यानं आमचं डोकं चालायला लागलं. एकीनं पहिल्या रकान्यात सांगितलं, आमच्या दारापुढच्या खांबावर दिवा लागला, आता रात्री लेकीला बाहेर पाठवायला भीती वाटत नाही. लगेच तिसऱ्या रकान्यात आलं की मागच्या गल्लीत तीन खांब आहेत, दिवा एकावरही नाही, आणि तिथल्या बाया अंधार पडल्यावर पाणी पीत नाहीत, रात्री उठावं लागेल म्हणून. हे आम्हाला आधी माहीत नव्हतं. एकाच गावात राहून माहीत नव्हतं.

ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची कायद्यात तरतूद आहे. आम्ही त्या सभेत दिव्यांचा अर्ज दिला, वहीतलं वाचून दाखवलं. दिवे लगेच लागले नाहीत. तिसऱ्यांदा आठवण करावी लागली. पण लागले. ज्या तिखट बाईनं आम्हाला सुनावलं होतं, तीच आता ती वही लिहिते.

जाता जाता रेडिओबद्दल एक गोष्ट. आपल्याकडून बिदर लांब नाही. बिदरच्या पुढं तेलंगणात झहीराबादजवळ माचनूर नावाचं गाव आहे. तिथं १५ ऑक्टोबर २००८ ला संगम रेडिओ सुरू झाला. शेतात राबणाऱ्या दलित बायांनी तो चालवला. बी-बियाणं, औषधी पाला, सण, गाणी, घरातल्या अडचणी, हेच त्यांचं बोलणं. १५ ऑक्टोबर हा ग्रामीण महिलांचा जागतिक दिवस, आणि तो पहिल्यांदा पाळला गेला तेही २००८ सालीच. आपल्या चुलीपाशीच्या गोष्टीला कोण विचारतं, असं मनात आलं की त्या बायांना आठवा. त्या बोलल्या म्हणून आज आम्हालाही माईकसमोर बसायला भीती वाटत नाही.

तर तुमच्या पुढच्या बैठकीत एवढं करा. पैसे मोजायच्या आधी प्रत्येकीला एक बारकी बरी गोष्ट विचारा. जी बोलत नाही तिची वाट बघा, घाई करू नका. जे सांगितलं ते कुणामुळं झालं, हे लिहा, आणि त्या माणसाला जाऊन सांगा. लेकीनं ताट मांडलं असेल तर लेकीला सांगा. नवऱ्यानं हंडा उचलला असेल तर त्यालाही सांगा, त्यात कमीपणा नाही. आणि मग बघा की तीच गोष्ट अजून कुणाच्या दारात पोचायची राहिली आहे.

आणि आज रात्री ताटं मांडाल तेव्हा एक ताट जास्तीचं मांडा. घरात सासूबाई उभ्या असतील तर त्यांना म्हणा, जाऊबाई असतील तर त्यांना म्हणा, आणि कुणीच नसेल तर स्वतःला म्हणा, तूबी बस जेवायला.

पुढच्या वेळी तुमच्या गटातल्या गोष्टी आम्हाला कळवा, आम्ही त्या इथं वाचून दाखवू. आता आमचीही भाकर व्हायची आहे. येतो. नमस्कार.